धीराचा आकडा : अडगावची लढाई, प्लायवुडवर

चांदूर रेल्वे वर्धा नदीच्या पश्चिमेला आहे. शाळेच्या भूगोलात हे साधे वाक्य आहे. इतिहासात त्याला एक लढाई चिकटलेली आहे. 17 डिसेंबर 1803 रोजी अचलपूरजवळच्या देवगावला नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी तह केला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. त्याआधी इथे भोसले आणि निजाम अशी दुअंमली होती, रयतेला दोन धनी होते. तहानंतर एकच उरला, निजाम. पुढे 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेले आणि 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. आज आगगाडीने नागपूरकडून येताना पुलगाव सुटते, पूल लागतो, धामणगाव येते, मग चांदूर. तो पूल ओलांडताना आपण देवगावच्या तहाची रेघ ओलांडतो, हे डब्यातल्या कोणाच्या ध्यानीमनी नसते.

तहाआधी तीन आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या होत्या. 29 नोव्हेंबरला अडगावच्या मैदानावर भोसले आणि शिंदे यांची फौज मेजर जनरल आर्थर वेलस्लीकडून हरली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. तहानंतर तेरा दिवसांनी, 30 डिसेंबरला, शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला आपला तह केला. पानमळ्यांचे अंजनगाव, थंड हवेच्या चिखलदऱ्याचा शेजारी गाविलगड, तेल्हारा तालुक्यातले अडगाव : सगळी ठिकाणे आजच्या अमरावती-अकोला जिल्ह्यांतली, एसटीने एका दिवसात होतील अशी. तरी वऱ्हाडातही लढाई म्हटली की पानिपतच आठवते. पानिपताला बखरी आहेत, विश्वास पाटलांची कादंबरी आहे, भाषेत वाक्प्रचार आहे. 'अडगाव झाले' असे कोणी म्हणत नाही. या. मा. काळ्यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला त्याला शंभर वर्षे होऊन गेली. त्यानंतर मराठी ललित वाङ्मयात अडगाव मला तरी भेटलेले नाही.

ते भेटले ते भलत्याच ठिकाणी. पुण्यात इंजिनिअर असलेला माझा भाचा दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याच्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी एक पेटी होती. पेटीत स्पंजच्या खाचांत बसवलेले, अंगठ्याच्या पेराएवढे, हाताने रंगवलेले सैनिक. "मामा, तुमच्या गावाजवळची लढाई आणली आहे," तो म्हणाला. अडगाव हे नाव त्याला शाळेत कळले नव्हते. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराच्या 'शार्प्स फोर्ट्रेस' (1999) या पुस्तकातून ते त्याला कळले. ही कादंबरी अडगावच्या रणात सुरू होते आणि गाविलगडावर संपते. टेबलावर लढाया खेळणाऱ्या जगभरच्या मंडळींना कॉर्नवेल पाठ असतो. म्हणजे अडगावच्या मैदानात कोणत्या पलटणीच्या डावीकडे कोण होते हे विलायतेतल्या कुणा हौशी माणसाला ठाऊक, आणि आकोटच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या मला नाही.

हा लेख त्या खेळाविषयी आहे. आम्ही अडगाव तीनदा खेळलो. खेळाकडे मी साहित्यकृतीकडे पाहावे तसे पाहतो, कारण तीही एक संहिताच आहे : नियमपुस्तक हे तिचे व्याकरण, सैन्याची यादी हे पात्रवर्णन, आणि फासे पडतात ते कथानक. तेव्हा तिला समीक्षेचे प्रश्न विचारायला हरकत नसावी. ही गोष्ट कोण सांगतो आहे? कोणाच्या डोळ्यांनी? काय गाळून?

खेळाचा पूर्वेतिहास थोडक्यात. प्रशियाच्या राइस्विट्झ नावाच्या सरदाराने 1812 मध्ये राजासाठी लढाईचे एक टेबल बनवले. त्याच्या मुलाने 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांच्यासह पक्के नियम छापले आणि प्रशियन अधिकाऱ्यांना ते शिक्षण म्हणून दिले गेले. त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचे सैन्य दिसत नसे. दिसते काय ते पंच ठरवी. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तोच प्रकार घरातल्या जमिनीवर, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी आणला. वेल्सच्या हातून खेळ सोपा आणि रंगीत झाला, पण पंच गेला आणि दोन्ही सेनापती एकाच खोलीत एकाच सैन्याकडे पाहू लागले. आजच्या टेबलावरच्या खेळात राइस्विट्झपेक्षा वेल्सचे रक्त जास्त आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

आधी जागा. वेलस्लीच्या खलित्यात मराठ्यांची फळी सुमारे पाच मैल लांब होती असे आहे. तिच्या पाठीशी अडगाव आणि त्याच्या बागा-कुंपणे, पुढे ओघळींनी चिरलेले मैदान. पाच मैल म्हणजे 8,800 यार्ड. एक इंच म्हणजे वीस यार्ड धरले, तर नुसती फळी मांडायला 440 इंच, म्हणजे जवळजवळ सदतीस फुटांचे टेबल लागेल. आमच्याकडे आठ बाय चारचे प्लायवुड होते. त्यावर अख्खी फळी बसवायची तर इंचाला नव्वदच्या वर यार्ड येतात. मग बंदुकीचा पल्ला इंचभर उरतो आणि इंचाहून थोडा उंच आपला शिपाई शंभर यार्डांचा राक्षस होतो. असे कोणी खेळत नाही. सगळे करतात तेच आम्ही केले : मधला तुकडा कापला. जिथे तोफा होत्या, जिथे 74 आणि 78 या स्कॉटिश पलटणी चालून गेल्या, तेवढा.

आणि इथेच पहिला घाव बसतो. कापले गेले ते बाजूंचे घोडदळ. मराठी घोडदळाचे बळ मोकळ्या जागेत होते. ते शत्रूच्या रसदेवर पडे, त्याच्या मागेपुढे घिरट्या घाली, नको तेव्हा दिसेनासे होई. टेबलाला कड असते. कडेबाहेर गेलेला स्वार 'बाद' होतो. जी फौज निसटून जाण्यात तरबेज होती तिला निसटायला जागाच न ठेवणारा हा आखाडा आहे. समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये फूटभर कापड, ही युरोपातल्या लढाईची कल्पना आहे. भोसल्यांनी त्या दिवशी स्वतःच ती स्वीकारली हे खरे. म्हणून तर ते हरले असे कोणी म्हणेल. पण 'स्वीकारली' म्हणायला दुसरा पर्याय हाताशी असावा लागतो. टेबलावर तो नसतोच.

कापडही हिरवे होते. भाच्याच्या पेटीतून आलेले ते मखमली गवत पाहून माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हसली. नोव्हेंबरअखेर वऱ्हाडात हिरवळ कुठली? कापूस फुटलेला, तूर उभी, खरिपाची ज्वारी उभी किंवा नुकती कापलेली, आणि काळी माती भेगाळू लागलेली. ज्वारीच्या उभ्या वावरात पायी माणसाला दहा पावलांपुढचे दिसत नाही हे शेतकऱ्याला सांगायला नको. मी स्वतः अडगावला गेलो होतो, याच दिवसांत. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, गाविलगड त्याच डोंगरांत, आणि खाली सपाटी. मोटारीतून ती ताटासारखी दिसते. पायी चालले की कळते, मध्येमध्ये ओघळी आहेत. माणूस त्यात उतरला की डोके तेवढे वर राहते. दुसऱ्या डावापासून आम्ही हिरवे कापड काढून गोणपाट अंथरले आणि खराट्याच्या काड्या रोवून ज्वारी केली.

मग रंग. खलित्यात आहे की 74 आणि 78 या पलटणींवर एक मोठा जमाव तुटून पडला आणि साफ मारला गेला. ते लोक 'इराणी असावेत' असा त्यात तर्क आहे. इतरांनी त्यांना अरब म्हटले आहे. जे शेवटपर्यंत लढले, ज्यातला जवळजवळ एकही परत गेला नाही, ते कोण होते हे मारणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हते. इतिहासकाराला 'असावेत' लिहून सुटता येते. रंगाच्या कुंचल्याला 'असावेत' म्हणता येत नाही. भाच्याने त्यांना पांढरे डगले आणि तांबडे कमरबंद दिले. टेबलावर ते फार उठून दिसले, आणि मला तेच खटकले. खेळण्यातला ठामपणा पुराव्यात नव्हता.

आता मुद्द्याचे. या खेळात प्रत्येक पलटणीला एक आकडा असतो. नियमपुस्तकात त्याला 'मोराल' म्हणतात. आम्ही त्याला धीर म्हणू लागलो. पलटणीवर मारा झाला की फासे टाकायचे. धीराच्या आकड्याशी ते ताडून पलटण टिकली, मागे हटली की फुटली ते ठरते. यादीत स्कॉटिश पलटणी निवडक, कंपनीचे मद्रासी शिपाई कसलेले, भोसल्यांचे पायदळ कच्चे. हे आकडे कुठून आले? लढाईच्या निकालावरून. जिंकले म्हणून कसलेले, हरले म्हणून कच्चे. मग त्याच आकड्यांनी लढाई पुन्हा खेळायची आणि फाशांनी तोच निकाल दिला की नियम 'ऐतिहासिक' ठरले म्हणून मान डोलवायची. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात.

पण अडगावचा खरा दिवस या आकड्यांना दाद देत नाही. वेलस्लीचे सैन्य त्या दिवशी कडक उन्हात लांब चालून आले होते. तो मुक्काम करण्याच्या बेतात होता. एका बुरुजावरून त्याला सिरसोलीपलीकडे गर्दी दिसली, आणि पुढे गेल्यावर अख्खी फौज मांडलेली आढळली. सैन्याचे तोंड गावापाशी आले, मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि शिपायांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. या त्याच पलटणी, ज्या 23 सप्टेंबरला असईच्या रणात, याहून कितीतरी भयंकर तोफांपुढे, अचल राहिल्या होत्या. वेलस्ली जवळ होता. त्याने त्यांना सावरून पुन्हा रांगेत आणले. आपण जवळ नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने स्वतः पत्रात लिहिले आहे. तोफा ओढणारे बैल बिथरून रांगांत घुसले आणि गोंधळ माजला असेही वर्णनांत येते. दोन महिन्यांपूर्वीचे वीर आणि आजचे पळपुटे : माणसे तीच, सेनापती तोच. धीर हा पलटणीच्या अंगचा आकडा असता, तर तो दोन महिन्यांत कुठे गेला?

पहिला डाव आम्ही पुस्तकाबरहुकूम खेळलो. भाचा वेलस्ली, मी भोसले. दीड तासात मी हरलो, त्याचे नवल नाही. नवल हे की त्याची एकही पलटण फुटली नाही. मी तोफांचे फासे टाकत होतो आणि कसलेल्यांचा आकडा त्यांना सांभाळून घेत होता. अडगावच्या लढाईतला सगळ्यांत धोक्याचा, ज्याची कबुली खुद्द जेत्याने दिली तो प्रसंग या खेळात घडूच शकत नव्हता. खेळ वेलस्लीपेक्षाही जास्त इंग्रज निघाला.

या दर्जाच्या आकड्यामागे एक जुनी सवय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींना लढाऊ आणि बिनलढाऊ असे शिक्के मारले. लॉर्ड रॉबर्ट्स हा त्यातला मोठा पुरस्कर्ता, आणि त्याच्या काळात ज्यांची भरती कमी होत गेली त्यांत मद्रासी शिपाई होते. म्हणजे असई आणि अडगाव ज्यांच्या खांद्यावर जिंकले त्यांच्याच नातवंडांना पुढे 'कच्चे' हा दर्जा मिळाला. आकडा देणारा बदलला की आकडा बदलतो. आजचा नियमलेखक हे सगळे मनात ठेवून आकडे लिहितो असे मी म्हणणार नाही. तो बहुधा सज्जन, रविवारी दुपारी रंगकाम करणारा माणूस असतो. पण त्याच्या हाती आलेली कागदपत्रे एकाच बाजूची आहेत.

त्या कागदपत्रांच्या मालकाची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लू जिंकला. विल्यम सायबोर्न नावाच्या लेफ्टनंटने आठ महिने त्या रणभूमीवर राहून मोजणी केली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून माहिती गोळा केली आणि हजारो बारीक सैनिकांसह वॉटर्लूचे एक प्रचंड मॉडेल तयार केले. ते 1838 मध्ये लंडनला प्रदर्शित झाले. त्यात संध्याकाळी सात वाजताची स्थिती दाखवताना प्रशियन सैन्य बरेच पुढे आलेले दिसत होते, म्हणजे विजयात वाटेकरी दिसत होता. ड्यूकच्या गोटाला ते रुचले नाही. पुढे सायबोर्नने मॉडेलमधले बरेच प्रशियन सैनिक काढून टाकले. ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. खेळण्यातल्या सैनिकांना राजकारण नसते असे मानणाऱ्यांनी ते पाहावे. वॉटर्लूला निदान प्रशियन होते, वाद घालायला त्यांचे राज्य होते. अडगावला भोसल्यांच्या बाजूने पत्र लिहून 'आमची फळी अशी नव्हती' म्हणणारा कोणी उरला नाही.

दुसऱ्या डावाला आम्ही आकडे पुसले. कोणत्याच पलटणीचा धीर आधी ठरवायचा नाही. पहिला मारा खाल्ला की त्या क्षणी फासा टाकायचा आणि पडेल तो तिचा त्या दिवसापुरता धीर. दोन्ही बाजूंना एकच नियम. भाच्याने आधी कुरकुर केली, खेळ म्हणजे सोडत होईल म्हणाला. झाले मात्र उलट. दोघेही सावध खेळू लागलो, कारण आपलीच माणसे आपल्याला ठाऊक नव्हती. तिसऱ्या पाळीत त्याच्या दोन पलटणी फुटल्या. मी अर्थातच सगळे पायदळ पुढे लोटले.

आणि हात कापडावर असतानाच प्रश्न पडला. 29 नोव्हेंबरला त्या तीन पलटणी पळाल्या तेव्हा मराठे पुढे का आले नाहीत? खलित्यात याचे उत्तर नाही. विजेत्याला तो प्रश्न पडायचे कारण नव्हते. आपल्याकडच्या इतिहासांत आळस, फूट, दैव अशी उत्तरे सवयीने येतात. मी पुढे गेलो कारण मी खुर्चीवर बसून वरून पाहत होतो. पाच मैलांच्या फळीत, मध्ये वावरे आणि ओघळी, तोफांचा धूर, तिरपे ऊन. समोरच्या गावाआड काय गडबड झाली हे तोफेपाशी उभ्या गोलंदाजाला दिसले असेल काय? दिसले तरी ते सेनापतीपर्यंत, रघुजींचे बंधू मन्याबापूंपर्यंत, किती वेळात पोचले असते? तोवर वेलस्लीने पलटणी सावरल्याही होत्या. पंच काढून टाकणाऱ्या वेल्सच्या खेळात हा प्रश्न उठत नाही, राइस्विट्झच्या खेळात उठतो. एवढ्यापुरते मी खेळाचे ऋण मानतो. ग्रंथ वाचून चाळीस वर्षांत जो प्रश्न मला सुचला नव्हता तो पायदळ बोटांनी ढकलताना सुचला.

म्हणून तिसरा डाव दोन खोल्यांत झाला. मी ओसरीवर, भाचा आतल्या खोलीत, प्लायवुड मधल्या घरात आणि त्यावर पंच म्हणून माझी बहीण. आम्ही चिठ्ठ्या लिहायच्या, तिने त्या न्यायच्या, सैनिक हलवायचे आणि ज्याला जे दिसेल तेवढेच येऊन सांगायचे. मध्येच चिवड्याला फोडणी द्यायला ती गेली की लढाई थांबे. चिठ्ठ्या उशिरा पोचत, एक हरवली, एक तिने चष्म्याशिवाय वाचली. भाच्याच्या मते हा खेळाचा विचका होता. मला वाटते, तीन डावांत अडगावच्या सर्वांत जवळ आम्ही तेव्हाच गेलो.

याच डावात वकील आले. ग्रंथांत ठळक असलेली पण टेबलावर मी कधी न पाहिलेली बाब अशी : शिंद्यांनी 23 नोव्हेंबरला वेलस्लीशी युद्धबंदीचा करार केला होता. शिंद्यांचे वकील अडगावच्या दिवशी वेलस्लीला भेटून हल्ला करू नका म्हणून सांगत होते. शिंद्यांनी ठरल्याप्रमाणे फौज दूर नेली नाही आणि भोसल्यांशी तर बंदी नव्हतीच, असा वेलस्लीचा जबाब. म्हणजे त्या पाच मैलांच्या फळीतला एक भाग अशा धन्याचा होता ज्याला आज लढाई आहे की नाही हेच पक्के ठाऊक नव्हते. तरी शिंद्यांच्या घोडदळाने कंपनीच्या डाव्या टोकाच्या पलटणीवर चाल केली आणि ती परतवली गेली. या घोडदळाला धीराचा कोणता आकडा द्यायचा? त्याच्या अंगात बळ नव्हते की त्याच्या मनात संशय होता? बहिणीने तोड काढली : दर पाळीला शिंद्यांच्या नावाने चिठ्ठी उचलायची, 'लढा' निघाले तर हलायचे, 'थांबा' निघाले तर थांबायचे. मी ओसरीवर बसून वाट पाहत होतो आणि लागोपाठ तीन वेळा तिने येऊन सांगितले, "शिंदे थांबलेत." तो राग मला अजून आठवतो. पुस्तकात 'मराठ्यांत एकी नव्हती' हे वाक्य शेकडो वेळा वाचले होते. त्याला इतका साधा, इतका कारकुनी चेहरा असू शकतो हे वाटले नव्हते.

फाशांत जे मावत नाही ते याहूनही मोठे आहे. रँडॉल्फ कूपर यांनी 1803 च्या मोहिमांवरच्या आपल्या 2003 मधल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ कमी प्रतीचे नव्हते. कंपनीची खरी सरशी पैशाच्या बाजारात, पतीत आणि शिंद्यांचे युरोपीय अधिकारी फोडण्यात होती. वेलस्लीचे सैन्य चालत होते ते म्हैसूरच्या बैलांवर आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांनी आणलेल्या धान्यावर. टेबलावर बैल नसतात; असले तर शोभेला. लढाई दुपारी चार-साडेचारला सुरू होते तेव्हा ती बरीचशी संपलेली असते, आणि नेमकी तिथूनच सैनिकांची पेटी उघडते.

ती संपते कधी, हेही पाहण्यासारखे आहे. वेलस्लीने लिहिले आहे की त्याने घोडदळ घातले तेव्हा सूर्यास्ताला वीस मिनिटेही उरली नव्हती, पण चांदण्यात पाठलाग चालू ठेवून त्यांनी ती कसर भरून काढली. 38 तोफा त्याच्या हाती लागल्या. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. मराठ्यांकडचे जे हजारो मेले ते बरेचसे या चांदण्यातल्या पाठलागात. नियमपुस्तकात मात्र सूर्यास्त म्हणजे शेवटची पाळी. फासे बाजूला, तोफा मोजा, गुण लिहा. आमच्या तिसऱ्या डावात सूर्य मावळला तेव्हा तोफा अजून माझ्याकडेच होत्या. भाच्याने हात पुढे केला, "मामा, जिंकलात." खोटे कशाला बोलू, क्षणभर बरे वाटले. वर्धेचा पूल डोळ्यांपुढे आला. त्या अलीकडचा मुलूख गेलाच नाही असे अर्धे मिनिट वाटले. मग बहिणीने विचारले, "आता चांदणे आहे ना? यांचे घोडे कुठे गेले?" भाच्याचे घोडदळ तेव्हा जवळजवळ शाबूत होते. आम्ही दोघांनीही उत्तर दिले नाही.

टेबलावर कोणी मरत नाही. त्याला उचलून पेटीत ठेवतात. या निरागसपणावर नाक मुरडणे सोपे आहे आणि मी ते करणार नाही. पराभूतांच्या मुलांनाही खेळणी लागतातच. नागपुरात असे सांगतात की तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी बैल मिरवायचा सण, याच दुसऱ्या रघुजींनी 1806 मध्ये सुरू केला. खरे असेल तर तहानंतर तीनच वर्षांनी. अर्धे राज्य गेलेल्या राजाच्या नावावर लाकडी बैलांचा सण, आणि ज्याने ते घेतले त्याच्या नावावर शिपायांचा खेळ. वेलस्लीच्या टेबलावर बैल नाहीत, हे मी वर म्हटलेच आहे.

माझा आक्षेप एवढाच की धीराचा आकडा यादीत छापून देऊ नये. तो रिकामा ठेवावा. खेळणाऱ्यांनी तो भरावा आणि का भरला ते शेजारी लिहावे. 'इराणी असावेत' असे जे लोक आहेत त्यांना रंग न देता कोरे शिसे राहू द्यावे. शिंद्यांची चिठ्ठी ठेवावी. आणि सूर्यास्तानंतर एक पाळी असावी, जिला गुण नाहीत. भाच्याला यातले पहिले आणि तिसरे पटले. कोऱ्या शिशाचे सैनिक टेबलावर वाईट दिसतात, असे तो म्हणतो. चौथ्याबद्दल तो विचार करतो आहे.

यंदा तो गाविलगड आणणार आहे. त्याला पुठ्ठ्याच्या तटबंद्या विकत घ्यायच्या होत्या. मी नको म्हणालो. पुण्यात त्याने लहानपणी दिवाळीचे किल्ले केलेच आहेत. इथे अंगणाच्या कोपऱ्यात मी दोन टोपल्या काळी माती आणि थोडा भुसा आणून ठेवला आहे. ही माती वाळली की तडकते, तेव्हा उत्तरेच्या तटाला भगदाड वेगळे पाडावे लागणार नाही.